भेगा स्वतः सांधणारे काँक्रीट: फ्लाय ॲश की क्रिस्टलाइन पावडर?

घराखालची पाण्याची टाकी एम 50 (ताकदीची एक वरची प्रत) सारख्या उच्च कार्यक्षमतेच्या काँक्रीटमध्ये बांधायची असेल, तर बारीक भेगा आपोआप सांधल्या जाव्यात यासाठी नाशिककरांसमोर दोन मार्ग असतात: एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रामुळे जवळच मिळणारी आणि काही सिमेंटऐवजी घातली जाणारी फ्लाय ॲश (जळालेल्या कोळशाची बारीक राख), किंवा सिमेंटच्या वजनाच्या साधारण एक टक्का घातली जाणारी, ओल मिळताच भेगेत स्फटिक वाढवणारी क्रिस्टलाइन पावडर. भेगेत चुनखडी तयार करणाऱ्या जिवाणूंचा तिसरा मार्गही आहे, परंतु घरगुती टाकीसाठी मी त्याचा विचार केला नाही. आमच्या घरी पहिला पर्याय वापरला, भावाच्या घरी दुसरा.

अशा काँक्रीटमध्ये पाणी कमी असल्याने बरेचसे सिमेंट मुरायचे, म्हणजे पाण्याशी संयोग होऊन घट्ट व्हायचे, राहून जाते. भेगेत पाणी शिरले की ते नव्याने मुरते, विरघळलेल्या चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि भेग पांढऱ्या रेघेने बुजते. फ्लाय ॲशची प्रक्रिया सावकाश असल्याने हे काम काही महिन्यांनंतरही थोडेफार चालू राहते, आणि सिमेंटही वाचते. आमच्या टाकीच्या कोपऱ्यातील ओल तीन आठवड्यांत थांबली, तेव्हा मी समाधानी होतो.

मात्र उन्हाळ्यात सफाईसाठी टाकी रिकामी केली, चार दिवस कोरडी ठेवली आणि पुन्हा भरली की, त्याच रेघेवर ओल परत यायची. पाणी नसताना सांधण्याची क्रिया थांबते आणि भरलेला थर कोरडा पडून तडकत असावा, असा माझा अंदाज आहे. सलग तीन उन्हाळे हा त्रास झाला. दर वेळी तळमजल्याच्या भिंतीचा रंग गेला. भावाच्या टाकीत पावडरचे स्फटिक ओल मिळताच पुन्हा वाढतात, आणि दोन सफायांनंतरही तेथील भिंत कोरडीच आहे.

पावडरलाही अडचणी आहेत. ती महाग आहे. शिवाय मिक्सरमध्ये कोरडी टाकल्यास गोळे होतात, म्हणून आधी पाण्यात कालवून घ्यावी लागते, आणि भावाच्या टाकीचे काँक्रीट घट्ट व्हायलाही वेळ लागला. फ्लाय ॲश घेतल्यास उन्हाळ्यात किमान 14 दिवस पाणी मारणे सोडू नये. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार सतत ओलाव्यात राहणाऱ्या भागात भेगेची रुंदी 0.2 मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. त्याहून बरीच रुंद किंवा हलती (सतत उघडमीट होणारी) भेग असेल, तर दोहोंपैकी कशावरही विसंबू नये.

टाकी बारमाही भरलेली राहत असेल, तर फ्लाय ॲश पुरेशी ठरू शकेल. दर वर्षी रिकामी करावी लागत असेल, तर मी पावडरचाच खर्च करीन.