स्टॉकफिश : प्याद्याची किंमत खरोखर एकच असते का?

बुद्धिबळ शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते की प्यादे एक गुणाचे, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच आणि वजीर नऊ. यातल्या पहिल्या आकड्याची शहानिशा करण्यासाठी मी स्टॉकफिश हे मोफत, मुक्तस्रोत बुद्धिबळ इंजिन (म्हणजे पटावरील स्थिती जोखून चाली शोधणारा संगणक प्रोग्राम) दीर्घकाळ वापरत आहे आणि हे परीक्षणही तेवढ्याच कसोटीवर केले आहे.

संगणकाला प्याद्याची पारख शिकवण्याचा विचार जुना आहे. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या लेखात दुहेरी, मागे राहिलेल्या आणि एकट्या पडलेल्या प्याद्यांमागे प्रत्येकी अर्धा गुण वजा करणारे सूत्र मांडले होते. स्टॉकफिशच्या जुन्या आवृत्त्या त्याच परंपरेतल्या, पण कितीतरी बारकाईने घडवलेल्या. त्यांत जवळजवळ प्रत्येक बाबीला मधल्या खेळासाठी एक आणि एंडगेमसाठी (डावाच्या अखेरच्या टप्प्यासाठी) दुसरा असे दोन आकडे असत, आणि मोहरी कमी होत जातील तसतसा हिशेब पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकत जाई. प्याद्याची मूळ किंमतच एंडगेममध्ये बरीच जास्त धरलेली असे. सातव्या रांगेवर पोहोचलेल्या मोकळ्या (म्हणजे ज्याला विरोधी प्यादी अडवू शकत नाहीत अशा) प्याद्याला मिळणारा बोनस तर त्याच्या मूळ किमतीहूनही मोठा होता, आणि तो ठरवताना पुढचे घर रिकामे आहे का, दोन्ही राजे किती दूर आहेत, हेही पाहिले जाई.

२०२० मध्ये १२ व्या आवृत्तीत एनएनयूई हे न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य स्थितींवरून स्वतः शिकून मूल्यमापन करणारे जाळे, आले. हे तंत्र यू नासू यांनी मुळात शोगी या जपानी खेळासाठी विकसित केले होते. २०२४ च्या १६.१ या आवृत्तीतून माणसांनी हाताने लिहिलेले मूल्यमापन पूर्णपणे काढून टाकण्यात आले. इंजिनाची ताकद वाढली, यात शंका नाही. आता ‘इव्हॅल’ ही आज्ञा दिली की पट छापून येतो आणि राजा सोडून प्रत्येक मोहऱ्याखाली एक आकडा दिसतो. ते मोहरे उचलून घेतल्यास मूल्यमापनात किती फरक पडतो, ते हा आकडा सांगतो. सुरुवातीच्याच पटावर आठही प्याद्यांचे आकडे सारखे येत नाहीत. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बराच वेळ तो पट न्याहाळत बसलो होतो.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. १५.१ या आवृत्तीपासून पडद्यावरचा १.०० हा मूल्यमापनाचा आकडा म्हणजे एका प्याद्याची आघाडी नव्हे. तो जिंकण्याची शक्यता सुमारे पन्नास टक्के असल्याचा निर्देशक आहे.

आता एक चाचणी. पांढरा राजा ई६ वर, प्यादे ई५ वर आणि काळा राजा ई८ वर ठेवा. चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो आणि इंजिनही तसेच सांगते. हीच मांडणी कडेच्या पट्टीवर न्या, म्हणजे राजा ए६, प्यादे ए५ आणि काळा राजा ए८, की उत्तर येते ०.००, म्हणजे बरोबरी. मोहरी तीच, प्यादे एकच, पण एका ठिकाणी ते अख्खा डाव जिंकून देते आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची किंमत शून्य ठरते.

माझी तक्रार एवढीच की नवे इंजिन किंमत सांगते, कारण सांगत नाही. जुन्या आवृत्तीत हीच ‘इव्हॅल’ आज्ञा तक्ता देत असे. त्यात प्याद्यांची रचना आणि मोकळी प्यादी यांच्या स्वतंत्र ओळी असत, आणि मधल्या खेळाचे व एंडगेमचे आकडे शेजारीशेजारी दिसत. विद्यार्थ्याला त्यातून आपले दुखणे नेमके कुठे आहे ते कळे. म्हणून खेळ सुधारू पाहणाऱ्यांनी विश्लेषणासाठी नवी आवृत्ती वापरावी, पण न्यूरल नेटवर्क नसलेली ११ वी आवृत्तीही संगणकावर ठेवावी आणि आपल्या हरलेल्या डावातली एखादी स्थिती आधी तिच्या तक्त्यात पाहावी.