ब्रॉंझ घ्यावा की गोल्ड? एसएमपीएस निवडण्याआधी

नवा डेस्कटॉप जुळवताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर भरपूर खल होतो आणि एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज सगळ्या भागांना हवी तशी पुरवणारा डबा, मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत उरकला जातो. हा क्रम मला मुळीच पटत नाही. बाकीचा प्रत्येक भाग याच डब्यातून येणाऱ्या विजेवर चालतो आणि हलका डबा जळताना कधीकधी मदरबोर्ड आणि डिस्कलाही घेऊन जातो. ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल तर साधारण तीन पर्याय समोर येतात: कॅबिनेटसोबत मिळणारा ‘५०० वॅट’, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा ब्रॉंझ आणि ७५० वॅटचा गोल्ड. (ब्रॉंझ आणि गोल्ड हे ‘८० प्लस’ या शिक्क्याचे दर्जे, गोल्ड वरचा.)

पहिल्याचा निकाल स्टिकरवरच लागतो. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली बहुतेक वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. तिथे २५ अँपिअर असतील तर खऱ्या कामाचे ३०० वॅटच हाती येतात. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टची बेरीज करून फुगवलेला असतो. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर त्याच रकान्यात ४५ च्या आसपास आकडा दिसतो. हा तक्ताच छापलेला नसेल तर तो डबा घेऊ नका.

खरा प्रश्न पुढच्या दोघांचा. ‘८० प्लस’चा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज मशीनपर्यंत पोचते ते. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ब्रॉंझला ८५ टक्के गाठावे लागतात, गोल्डला ९०. मशीनला ३०० वॅट लागत असतील तर या हिशेबाने ब्रॉंझ सुमारे ३५३ वॅट ओढेल, गोल्ड ३३३. रोज चार तास असा लोड धरला तर वर्षाला विजेची २९ युनिटं वाचतात. निव्वळ वीजबिलासाठी गोल्ड घ्यावा इतकी काही ही बचत नाही. पण ते जास्तीचे २० वॅट डब्यातच उष्णता होऊन राहतात, आणि आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवून व्होल्टेज सपाट ठेवणाऱ्या भागाचं) आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. म्हणून कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे आहेत की ८५ पर्यंतच, हे मी शिक्क्याच्याही आधी पाहतो.

शिक्का जे सांगत नाही तेच जास्त महत्त्वाचं आहे. व्होल्टेज किती स्थिर राहतं, १२ व्होल्टवरचा रिपल (व्होल्टेजमधले बारीक चढउतार) एटीएक्स या डेस्कटॉपच्या मानकातल्या १२० मिलिव्होल्टच्या मर्यादेच्या किती खाली आहे, प्रमाणाबाहेर करंट किंवा तापमान वाढलं की डबा बंद करणारी संरक्षणं खरोखर चालतात का, हे ऑसिलोस्कोप लावून केलेल्या चाचण्यांतूनच कळतं. स्वस्त ब्रॉंझमध्ये अजूनही जुनी ग्रुप रेग्युलेशनची रचना सापडते, म्हणजे १२ आणि ५ व्होल्ट एकत्रच नियंत्रित होतात. तिच्यात १२ व्होल्टवर लोड वाढला आणि ५ वर नसला की दोन्ही व्होल्टेज विरुद्ध दिशांना सरकतात, आणि आजच्या मशीनचा लोड नेमका तसाच असतो. गोल्ड गाठायला सहसा डीसी-टू-डीसीची नवी रचना (१२ व्होल्टपासून ५ आणि ३.३ वेगळे बनवणारी) वापरावी लागते, त्यामुळे हा दोष तिथे बहुधा नसतो. डीसी-टू-डीसी असलेला ब्रॉंझही मिळतो, आणि तो बेलाशक घ्यावा.

मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर पारडं स्पष्टपणे गोल्डकडे झुकतं. ही कार्डं क्षणभर आपल्या नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे उसळी घेतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये मोठ्या युनिटांनी १०० मायक्रोसेकंदांसाठी आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी पेलावी अशी अट आली. गेम ऐन रंगात असताना मशीन अचानक बंद पडतं, त्यामागे अनेकदा ही उसळी न पेलणंच असतं. बारा पिनांचा नवा कनेक्टर लागणार असेल तर एटीएक्स ३.१ चा १२व्ही-२x६ असलेलं युनिट शोधा.

गोल्डमध्ये मॉड्युलर, म्हणजे डब्यापासून काढता येणाऱ्या, केबल जास्त आढळतात. सोय आहे, पण एक धोका नीट समजून घ्या: एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रमाणित नाही. जुन्या युनिटची, डिस्कला वीज देणारी साटा केबल नव्यात घट्ट बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क क्षणात जळते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही हा फरक असू शकतो. युनिट बदललंत की केबलही सगळ्या बदला.

यूपीएस वापरत असाल तर होल्ड-अप टाइमही पाहा, म्हणजे वीज गेल्यावर एसएमपीएस किती वेळ पुरवठा चालू ठेवतो ते. बॅटरीवर जायला यूपीएसला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने तग धरला नाही तर यूपीएस असूनही मशीन रीस्टार्ट होतं.

ग्राफिक्स कार्डच लावायचं नसेल, तर पाच वर्षांची वॉरंटी असलेला ब्रॉंझ पुरे. त्यावर जास्त खर्च करू नका. मधल्या दर्जाच्या कार्डाला डीसी-टू-डीसीचा ५५० वॅटचा ब्रॉंझ चालतो, पण दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलायचा विचार असेल तर दहा वर्षांच्या वॉरंटीचा ७५० वॅटचा गोल्ड आत्ताच घ्या, तो पुढच्या मशीनलाही चालेल. बजेट अडलंच तर वॅट कमी करा, दर्जा नको. ग्रुप रेग्युलेशनच्या ७५० वॅट ब्रॉंझपेक्षा ६५० वॅटचा गोल्ड मी डोळे झाकून निवडेन.