कार्पेटवरचा डाग घरी, कुत्र्याचं दुखणं दवाखान्यात

कुत्र्याने हॉलमधल्या कार्पेटवर शू केली किंवा तो तिथेच ओकला, की घरात दोन शोध एकदमच सुरू होतात. डाग कशाने जाईल आणि याच्या पोटाला काय द्यावं? दोन्ही उत्तरं हाताशी असलेल्या वस्तूंत शोधली जातात: मोरीतलं फिनेल, फ्रीजवरचा औषधांचा डबा. डागाच्या बाबतीत मी या घरगुती खटपटीच्या बाजूने आहे, औषधाच्या बाबतीत अजिबात नाही. कार्पेटवरचा प्रयोग फसला तर रंग उडतो, कुत्र्यावरचा फसला तर मूत्रपिंड जातं.

पुसायच्या आधी

मोबाइलवर डागाचा फोटो काढून ठेवा. लालसर शू, उलटीतले काळपट तपकिरी कण, काळी चिकट शी हे सगळं डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. बाहेर जायची सवय असलेला मोठा कुत्रा अचानक घरात शू करू लागला, तर त्याला रागावण्याआधी मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार तपासून घ्या. नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो तेव्हाही ती खूप पाणी पिते आणि खूप शू करते. त्यात उशीर झाला तर जीव जाऊ शकतो.

डागासाठी: काय घ्यावं

ओला डाग आधी टिपून घ्यायचा. जुना टॉवेल टाकून त्यावर चक्क उभं राहा. घासलंत तर शू खालच्या थरात उतरते. मग थंड पाणी आणि परत टिपणं. गरम पाणी किंवा वाफेचं यंत्र नको, उष्णतेने डागातली प्रथिनं धाग्याला धरून बसतात.

पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून मारलं की वास पटकन उतरतो. शूमधल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि आम्ल त्याला निष्प्रभ करतं, एवढंच त्याचं काम. मुळाशी राहिलेलं तसंच राहतं आणि जुलैत हवा दमट झाली की पुन्हा दरवळतं. आपल्याला नाही आला तरी कुत्र्याला तो वास येतोच, आणि तो त्याच कोपऱ्यात परत जातो.

खाण्याचा सोडा वास शोषतो, डाग काढत नाही. शिवाय आपल्याकडच्या कुत्र्यांना हळद घातलेला चिकन-भात मिळतो. त्या उलटीच्या पिवळ्या डागावर ओला सोडा टाकला की तो लालसर होतो, कारण हळद अल्कधर्मी पदार्थाने रंग बदलते. घाबरू नका, पण सोडाही वापरू नका. टिपून, थंड पाण्याने पुसून कार्पेट उन्हात टाकलं तर हळदीचा रंग उन्हानेच उतरतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड जुन्या पिवळ्या डागावर खरोखर चालतं, पण आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बऱ्याचदा २० व्हॉल्यूमची, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांची असते. कार्पेटला ३ टक्के पुरे, म्हणून तेवढंच पाणी घालायचं. आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात थेंब टाकून रंग उडतो का बघा. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एका बाटलीत मिसळू नका, त्यातून दाहक आम्ल तयार होतं.

एन्झाइम क्लीनर या सगळ्यांहून महाग असतो, तरी माझी पसंती त्यालाच. तो वास झाकत नाही, वासाचं मूळच पचवतो. बहुतेकांना तो निरुपयोगी वाटतो तो घाईमुळे: फवारला आणि दोन मिनिटांत पुसला. त्याला ओलं राहून काम करायला वेळ लागतो. लेबलवर लिहिलेला वेळ द्या, आणि त्याआधी फिनेल किंवा साबण ओतू नका, नाहीतर एन्झाइम मंदावतात.

हा सल्ला नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या कार्पेटसाठी. काश्मिरी किंवा भदोहीचा हातविणीचा लोकरी गालिचा असेल तर थांबा. लोकर आणि रेशीम ही प्रथिनंच आहेत, त्यामुळे प्रथिनं पचवणारं एन्झाइम गालिचाही खातं, आणि पेरॉक्साइडने रंग जातो. तिथे थंड पाण्याने टिपून थेट जाणकार धुलाईवाल्याकडे द्या. सुती सतरंजी असेल तर एवढा विचार कशाला, बादलीत भिजवा आणि गच्चीवर वाळत घाला.

फिनेल आणि ब्लीच मात्र यादीतून काढाच. काळं फिनेल कुत्र्याच्या पंजांना लागतं, तो पंजे चाटतो, आणि फिनॉल पोटात जातं. मांजर असेल तर धोका त्याहून मोठा. ब्लीच शूवर ओतलं तर त्यातल्या अमोनियाशी मिळून श्वासाला घातक वायू निघतो, बंद खोलीत तर विचारूच नका.

दुखण्यासाठी: डब्यातलं की डॉक्टरांचं

डागासाठी चार पर्यायांत निवड होती. इथे खरं तर ती नाहीच, पण लोक ती करतात, म्हणून आकडे मांडतो.

कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. आठ किलोच्या पगला ती दिली तर किलोमागे ५० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन होतं. कुत्र्यात किलोमागे साधारण २५ मिलिग्रॅमपासूनच उलट्या आणि जठराचे व्रण सुरू होऊ शकतात, मात्रा आणखी वाढली की मूत्रपिंड. रोज थोडी थोडी गोळी देणंही तितकंच वाईट, कारण कुत्र्याच्या शरीरातून हे औषध लवकर बाहेर पडत नाही. काळी शी दिसेपर्यंत आतून रक्तस्राव सुरू झालेला असतो.

पॅरासिटामॉलची ६५० ची गोळी त्याच पगला दिली तर किलोमागे ८१ मिलिग्रॅम, म्हणजे यकृताला इजा होऊ शकेल अशा मर्यादेच्या आसपास. मांजराला तर अर्धी गोळीही प्राणघातक ठरू शकते, कारण ती पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच.

बरं, ताप तरी खरा असतो का? कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपला हात लावला की तो कायम गरमच लागणार. आणि ताप खरा असेल तर आपल्याकडे पहिला संशय गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचा. त्यात प्लेटलेट उतरतात, नाकातून रक्त येऊ शकतं. अशा कुत्र्याला माणसाचं वेदनाशामक देणं म्हणजे रक्तस्रावाला वाट करून देणं.

डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं नाव गिधाडांमुळे ऐकलं असेल. ते दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. कुत्र्यालाही ते सोसत नाही. गुडघ्याला चोळलेलं जेल कुत्र्याने चाटलं तरी विषबाधा होऊ शकते.

कोविडकाळापासून घरोघरी पडून असलेलं आयव्हरमेक्टिन, म्हणजे परजीवी मारणारं औषध, हे वेगळंच प्रकरण. खरजेवर पशुवैद्य ते वापरतात, हे खरं. पण कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरांपैकी अनेकांमध्ये एका जनुकातल्या बदलामुळे हे औषध मेंदूत शिरतं. १२ मिलिग्रॅमची गोळी २० किलोच्या कुत्र्याला दिली तर किलोमागे ६०० मायक्रोग्रॅम होतं, आणि अशा कुत्र्यांत १०० च्या वरच धोका सुरू होतो: तोल जाणं, आंधळेपणा, झटके, बेशुद्धी. रस्त्यावरून आणलेल्या संकरित पिल्लाच्या अंगात काय आहे, हे तोंडावरून कळत नाही.

पशुवैद्यांकडे मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखी वेदनाशामकं असतात. तीही निर्धोक नाहीत, पण वजनावर मोजलेली आणि मूत्रपिंड पाहून दिलेली असतात. त्यांच्याबरोबर प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड द्यायचं नसतं, दोन्ही मिळून जठर फाडतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आधीची गोळी सांगायला विसरू नका.

आता डाग आणि औषध एकत्र येतात ती जागा. खाजेसाठी स्टेरॉइड सुरू झालं की कुत्रा जास्त पाणी पितो आणि शू आवरत नाही. कार्पेट वाचवायला घरचे दोन गोष्टी करतात: पाण्याचं भांडं उचलतात किंवा गोळी बंद करतात. दोन्ही चूक. बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड अचानक थांबलं तर शरीर कोसळू शकतं, ते डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायचं असतं. तेवढे आठवडे कार्पेट गुंडाळून माळ्यावर टाका आणि कुत्र्याला रात्री एकदा जास्त खाली न्या.

गोळी पोटात गेलीच असेल तर

मीठ-पाणी पाजून ओकवू नका, रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. डागासाठी आणलेलं पेरॉक्साइडही तोंडात ओतू नका, ६ टक्क्यांचं असेल तर अन्ननलिका आणि जठर भाजतं. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील आणि त्यांच्या दृष्टीने पहिला तास-दोन तास सगळ्यात मोलाचे. मुंबईत परळच्या बैल-घोडा हॉस्पिटलसारखं मोठं ठिकाण आहे, सगळीकडे नाही. म्हणून रात्री फोन उचलणाऱ्या पशुवैद्यांचा नंबर आजच फ्रीजवर लावा. फोनवर चार गोष्टी सांगा: कुत्र्याचं वजन, औषधाचं नाव, किती मिलिग्रॅमच्या किती गोळ्या, आणि किती वाजता. निघताना रिकामं पाकीट बरोबर घ्या.