ब्लिट्झचं लंडन की १९४४ची मुंबई?

दुसऱ्या महायुद्धातल्या खासगी गुप्तहेराची रहस्यकादंबरी लिहायची, तर त्याला कोणत्या शहरात उभं करावं?

लंडन हा रुळलेला पर्याय. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ जर्मन विमानांचा बॉम्बवर्षाव, म्हणजेच 'ब्लिट्झ', रस्त्यांवर ब्लॅकआउट, भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपलेली माणसं. खुन्याला आणखी काय हवं? हॅरी डॉबकिननं १९४१मध्ये बायकोचा खून करून प्रेत बॉम्बनं पडलेल्या चॅपेलच्या तळघरात पुरलं. ती हवाई हल्ल्याचीच बळी वाटावी, हा हिशेब. पुढच्या वर्षी सांगाडा सापडला, दातांवरून ओळख पटली आणि तो फासावर गेला. विलक्षण प्रकरण, पण ते सोडवलं पोलिसांनी आणि डॉक्टरांनी. खासगी गुप्तहेराला तिथे जागा शोधावी लागते.

मुंबईत ती आयतीच मिळते. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकाच जहाजावर! विटा उडून दूरवर पडल्या, शेकडो माणसं गेली, बातम्यांवर सेन्सॉर बसला. आता कल्पना करा: मृतांच्या यादीत नवऱ्याचं नाव आहे, पण 'ते त्या दिवशी गोदीत गेलेच नव्हते' असं बायको ठामपणे सांगते. गोऱ्या अंमलदारापुढे तिचं कोण ऐकणार? तिला गुप्तहेराची खरी गरज आहे. म्हणून मी मुंबईच निवडेन, आणि गुप्तहेर गिरणगावातला, गोदीतल्या मुकादमांना नावानिशी ओळखणारा.