अंदमान सायकल टूर: दीड लाख गेले, आणि चोरी प्लॅनमध्येच लिहिलेली होती

अंदमानला सायकलवर जायचं डोक्यात असेल तर आधी हे वाचा, मग कोणाला काय जीपे करायचं ते करा. आम्ही चौघं, म्हणजे मी, माझा मेव्हणा आणि ऑफिसमधले दोघं, मिळून 1,49,200 रुपये घालवून बसलोय. त्यातले परत आले नऊ हजार, तेही का आले ते त्या टूरवाल्यालाच माहीत.

आम्ही काही नवखे नव्हतो. कोकण किनारा दोनदा केलाय, दिघीची जंगलजेट्टी (गाड्या नेणारी फेरीबोट), वेसवी-बागमांडल्याची जंगलजेट्टी, मधले ते जीवघेणे चढ, सगळं झालंय. त्यामुळे बेटांवर सायकल म्हणजे काय, जेट्टी आणि घाट, आपल्याला काय नवीन, असा एक माज होता आणि तोच नडला. इन्स्टावर एक रील दिसलं, निळं पाणी, नारळ, सायकलींची रांग. मेसेज केला तर पाच मिनिटांत फोन. माणूस अस्सल मराठी, बोलणं एकदम आपुलकीचं, "दादा, पहिल्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये तात्यारावांच्या कोठडीला मानवंदना देऊन मगच पेडल मारायचं." बस, इथेच आम्ही विरघळलो. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते, त्या कोठडीसमोर सायकल जर्सी घालून फोटो, अशी चित्रं डोळ्यांसमोर यायला लागली. असल्या माणसाला बिल मागायचं म्हणजे आपल्यालाच लाज वाटते, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

माणशी 34,500. राहणं, सायकल, सपोर्ट गाडी, फेरी, सगळं धरून आठ दिवस. अर्ली बर्ड म्हणून निम्मे लगेच. यूपीआयवर नाव आलं ते भलत्याच बाईचं, विचारलं तर "वहिनींचं अकाउंट आहे दादा, कंपनीच्या खात्याचं लिमिट संपलंय". महिन्याभराने परत मेसेज, की आरएपी (रिस्ट्रिक्टेड एरिया परमिट) म्हणजे प्रतिबंधित भागात जायच्या परवान्याचे माणशी 2,800 वेगळे लागतील, सरकारी फी आहे, आपल्या हातात नाही. दिले. आता ऐका, ती आरएपीची भानगड मुळात परदेशी लोकांसाठीची. भारतीय माणसाला पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, रंगत, डिगलीपूर इथे जायला असलं कुठलंही परमिट लागत नाही, आणि आदिवासी राखीव भागात फिरायचं परमिट टुरिस्टला मिळतच नाही. दोन मिनिटं शोधलं असतं तर कळलं असतं. शोधलं नाही. 11,200 रुपये असल्या कागदाचे दिले जो अस्तित्वातच नव्हता.

पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम म्हणायचं, पण तिथे रिक्षावाल्यापासून सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात) उतरलो तर न्यायला एक स्थानिक पोरगा, वीस-बावीसचा. हॉटेल ठीक होतं, जेल बघितली, फोटो झाले. संध्याकाळी सायकली आल्या. "चोवीस गियरच्या हायब्रिड" म्हणून सांगितलेल्या. माझ्या सायकलला शिफ्टर (गियर बदलायचा खटका) होता पण त्यातून केबलच गेलेली नव्हती, मागचं डिरेलर (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एका गियरवर झिप टायने आवळून बसवलेलं. मेव्हण्याच्या पुढच्या ब्रेकचं रबर झिजून आतला पत्रा रिमवर घासत होता, दाबला की खर्रर्र आवाज आणि हाताला काळी पूड. पोरग्याला विचारलं तर तो खाली बघून म्हणाला, "सर, मुझे तो बस चार साइकिल पहुँचाने को बोला।" तिथेच थांबायला हवं होतं हे मला आता घरी बसून सुचतंय. तेव्हा आम्ही दुकान शोधून ब्रेकचे रबर बदलले आणि सकाळी साडेचारला लाइट लावून निघालो, कारण दुसऱ्या दिवशीचा प्लॅन होता "पोर्ट ब्लेअर ते बाराटांग, 100 किमी, घनदाट जंगलातून फुल सायकलिंग". सपोर्ट गाडी "मागून येतेय".

फेरारगंजपर्यंत मजा आली, खोटं कशाला बोलू. पहाटेची ओली हवा, सुपारीच्या बागा, ट्रॅफिक नाही. साडेआठला जिरकाटांगच्या चेकपोस्टला पोचलो तर टुरिस्ट गाड्यांची ही मोठी रांग, सगळे फॉर्म भरतायत. आम्ही चौघं हेल्मेट घालून रांगेत उभे. पोलिसाने आमच्याकडे बघितलं, सायकलींकडे बघितलं आणि शेजारच्याला हाक मारून दाखवलं. मग म्हणाला, "साइकिल अंदर नहीं जाएगा। किसने बोला?"

विषय असा आहे, की जिरकाटांगच्या पुढे मिडल स्ट्रेटच्या खाडीपर्यंत पन्नासेक किलोमीटर रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी कॉन्व्हॉय (एकत्र ताफा) करून सोडतात, पुढे-मागे पोलीस, मध्ये थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही, जारवांना खायला द्यायचं नाही. सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये तर हा पट्टा बंदच करायला सांगितलेला, अजून चालू आहे हा वेगळा विषय. आणि नियम योग्यच आहे, त्या लोकांना आपल्या सर्दी-खोकल्याची सुद्धा भीती, त्यांच्या घरातून आपण जर्सी घालून मिरवत जायचं कारणच नाही. पण मग आमच्या प्लॅनमधला तो दुसरा दिवस? ती "घनदाट जंगलातून फुल सायकलिंग"? ते कुणीही, कधीही, केलेलं असणं शक्य नव्हतं. म्हणजे हा माणूस ही टूर एकदाही घेऊन गेलेला नव्हता, आणि हे त्याच्याच पीडीएफमध्ये ठळक अक्षरात लिहिलेलं होतं.

फोन लावला. पहिल्यांदा उचलला, "दादा गाडी पंक्चर आहे, अर्ध्या तासात". दुसऱ्यांदा "आवाज येत नाहीये". मग बंद. नऊच्या सुमाराचा कॉन्व्हॉय डोळ्यांसमोर निघून गेला. आम्ही पार्लेजी आणि चहावर बसून. शेवटी कोंबड्यांचं खाद्य घेऊन चाललेल्या एका पिकअपवाल्याने 4,000 मध्ये सायकली आणि दोघांना घेतलं, उरलेले दोघं एका टुरिस्ट गाडीत हातापाया पडून. मिडल स्ट्रेटला मोठ्या जेट्टीवर पिकअप, बस, माणसं सगळं एकदम पलीकडे बाराटांगला, अगदी आपल्या दिघीसारखं, पण तेव्हा कोणाला कौतुक नव्हतं, सगळे एकमेकांवर चिडलेले. मेव्हणा तर माझ्याशी बोलतच नव्हता, कारण रील मी पाठवलेलं.

रंगतला हॉटेलवाले बंगाली काका म्हणाले, बुकिंग आहे पण पैसा आलेला नाही. आम्ही भरले. तिथे रात्री चौघांनी बसून प्लॅन परत नीट वाचला, पहिल्यांदाच म्हणा ना. सातव्या दिवशी लिहिलेलं, "हॅवलॉक, राधानगर बीच, संध्याकाळी 6.30 सनसेट". अहो, आम्ही त्या दिवशी बघितलं होतं, डिसेंबरात तिथे पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो! अंदमान इतकं पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, साडेसहाला मिट्ट काळोख असतो. आपल्याकडच्या वेळा डोळे मिटून टाकल्या होत्या. हे वाचून आमच्यातला एक जण हसायलाच लागला, मग सगळेच. मायाबंदर, डिगलीपूर सोडलं, बसच्या टपावर सायकली बांधून परत आलो.

हॅवलॉकची फेरी तरी मिळेल म्हणून काउंटरवर त्याने पाठवलेलं तिकीट दाखवलं. पीएनआर खरा होता, पण दुसऱ्याच माणसाचा आणि फेब्रुवारीचा. आमची नावं आणि तारीख वरून चिकटवलेली, नीट झूम करून बघितलं तर तारखेचे आकडे बाकीच्यापेक्षा किंचित जाड. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, या सीझनमधले आम्ही पहिले नाही.

परत येऊन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पोर्टलवर तक्रार टाकली. पोलिसांनी आम्हाला सांगितलं की तुम्हाला सायकली मिळाल्या, पहिल्या रात्रीचं हॉटेल मिळालं, मग हा सेवेतल्या कमतरतेचा वाद झाला, ग्राहक मंचात जा. इथे या लोकांची खरी हुशारी आहे. पूर्ण गायब होत नाहीत, पाच-सहा हजाराचं काहीतरी हातावर ठेवतात. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, तर बिल, जीएसटी नंबर, करार, आमच्याकडे यातलं काहीच नाही, नुसते स्क्रीनशॉट आणि "दादा" लिहिलेले शंभर मेसेज. तरी सगळे जपून ठेवा, व्हॉइस नोट सुद्धा, आमचे नऊ हजार बहुतेक त्याच्या व्हॉइस नोटमुळेच आले.

त्या पोरग्याला पण पैसे मिळाले नव्हते. सायकली त्याने शेजारपाजारच्यांकडून भाड्याने आणलेल्या. निघताना आम्ही त्याला दोन हजार दिले, तो घेत नव्हता.

मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एकाने नवीन अकाउंटवरून त्या टूरची पीडीएफ मागवली. नाव बदललंय, रेट 36,999 झालाय, कव्हरवर फेरारगंजच्या रस्त्यावरचा आमचाच पाठमोरा फोटो आहे. दिवस दुसरा: पोर्ट ब्लेअर ते बाराटांग, 100 किमी, घनदाट जंगलातून फुल सायकलिंग.