अलिबाग सोडून शांत किनारा हवाय? आक्षी, किहीम की रेवदंडा

रविवारी अलिबागच्या किनाऱ्यावर घोडागाड्या, भेळेच्या गाड्या आणि कुलाबा किल्ल्याकडे निघालेली रांग असते. नवी मुंबई-ठाण्याहून एका दिवसासाठी येणाऱ्याला शांतता हवी असेल, तर जवळपास तीन ठिकाणं विचारात घेण्यासारखी आहेत. नागाव मुद्दाम सोडलं आहे. वाड्या सुंदर आहेत, पण सुट्टीच्या दिवशी पाण्यातल्या खेळांचा गोंगाट अलिबागइतकाच असतो.

ठिकाण निवडण्याआधी तिथी बघा. कॅलेंडरवरच्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, अर्धा तास इकडेतिकडे. चतुर्थीला ३ वाजता भरती, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेनऊच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, आणि उधाण असल्याने पाणी वर खूप चढतं, संध्याकाळी तितकंच लांब जातं. दिवसभराच्या सहलीला द्वितीया ते पंचमी सर्वात सोयीची: सकाळी मोकळी पुळण मिळते आणि पाणी दुपारपर्यंत चढत राहतं. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं, म्हणून उतरायचं ते चढत्या पाण्यातच, तेही गुडघ्याएवढ्या.

आक्षी (अलिबागपासून सुमारे ५ किमी). लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर आमचं मत इथेच. किनारा रुंद आणि सपाट, मागे सुरूचं बन. पण उतार इतका कमी की ओहोटीला पाणी फार दूर जातं आणि ओली वाळू चिखलट होते. दुपारी ओहोटी असेल तर मुलं कंटाळतात. हिवाळ्यात मात्र हीच ओली वाळू कुरव आणि चिखलपक्ष्यांनी भरते, दुर्बीण हवीच. गावातला शके ९३४ चा शिलालेख मराठीतल्या जुन्यात जुन्या लेखांपैकी मानला जातो. तो बघितल्याशिवाय परतू नका.

किहीम (सुमारे १२ किमी, रेवसच्या रस्त्यावर). गाडी नसेल तर हाच. गेटवेहून मांडव्याला लाँच, तिथून अलिबागच्या बसने चोंढी नाक्यावर उतरून रिक्षा. पावसाळ्यात लाँच बंद असतात. गाडी बोटीतून न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे. इथे झाडी दाट आणि पक्षी भरपूर. सलीम अलींनी सुगरणीचा अभ्यास याच गावात केला. उणीव एकच: ओहोटीला खडक उघडे पडतात, त्यांवरच्या कालवांच्या कडा पाय कापतात. अनवाणी जाऊ नका. उधाणाच्या भरतीत कोरड्या वाळूचा पट्टाही अरुंद होतो.

रेवदंडा (सुमारे १७ किमी). तिघांत सर्वात शांत. वाळू काळपट असल्याने फोटोंच्या हौशींना पटत नाही, म्हणून गर्दी कमी. पोर्तुगीजांच्या कोटाच्या भिंती हिंडायला तास-दीड तास हवा. अलिबागमध्ये वाहनं अडली तर मात्र जाता-येता मिळून बराच वेळ जातो, त्यामुळे मुक्कामाला जाणाऱ्यांनीच हा पर्याय घ्यावा.

रस्त्याने पनवेल-पेण-वडखळ-पोयनाड हा मार्ग. खोळंबा वडखळला होतो, म्हणून ठाण्याहून पहाटे पाचला, बेलापूर-खारघरहून साडेपाचला निघा. ट्रेनने दिवा-रोहा गाडीने पेणला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा असा स्वस्त मार्गही आहे.

वाळूवर गाडी उतरवू नका. वरून घट्ट वाटणाऱ्या ओल्या वाळूत चाक फिरलं की रुततं, आणि भरती थांबत नाही. घरगुती खानावळीत जेवण हवं असेल तर सकाळी पोहोचल्यावर लगेच सांगून ठेवा. दुपारी एकला विचारलंत तर मासे संपलेले असतात.