बरणीतले जंत

आमच्याकडे उस्मानाबादी शेळ्या होत्या २२. आषाढात झड लागलेली, तेव्हा आठवडी बाजारात एक जण बसला होता. गळ्यात स्टेथोस्कोप, पुढ्यात काचेची बरणी आणि बरणीत वीतभर लांब पांढरे जंत. "दादा, शेळीच्या पोटातनं काढलेत. एकदा पाजा, वर्षभर बघायचं काम नाही."

बाटलीला लेबल नाही, पावती नाही. शेळीमागे ४० प्रमाणे ८८० रुपये मोजले. शेजारच्या मामांनी विचारलंही, "औषधाचं नाव काय रे?" माझ्या डोळ्यांपुढे बरणीच होती.

निघताना तो म्हणाला होता, "लेंडीत जंत दिसणार नाहीत, आतच विरघळतात. जबड्याखाली सूज आली की औषध लागू पडलं समजा." या वाक्यानं घात केला. पंधरवड्यात तीन शेळ्यांच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबली आणि मी खुशीत! हगवण नव्हती, मग जंताचा संशय तरी कुठून येणार? एका सकाळी गाभण शेळी उठलीच नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती चिरली. चौथ्या पोटात जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचे जंत, लाल-पांढऱ्या दोऱ्याला पीळ दिल्यासारखे. लाल ते शेळीचं रक्त, पांढरं ते मादीचं अंडाशय. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त पितो. हजार असले की ५० मिली. रक्तातली प्रथिनं घटतात, म्हणून जबड्याखाली पाणी उतरतं. बाकीच्या शेळ्यांच्या पापण्या त्यांनी उलटून दाखवल्या. कागदासारख्या पांढऱ्या.

यातली एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. लेंडीतली ही अंडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पावसाळ्यात आठवडाभरात अळ्या तयार होऊन ओल्या पात्यावर चढतात, आणि चरताना पोटात गेल्या की तीनेक आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू. म्हणजे औषध अस्सल असतं तरी 'वर्षभर' ही थापच. त्यात मी शेळ्या भल्या पहाटे दहिवरात सोडायचो.

बरणीचं सांगितलं तर डॉक्टर हसलेच. तसले लांब जंत रेडकाच्या पोटात होतात, म्हशीच्या दुधातून उतरतात. शेळीशी संबंध नाही.

लेंड्या तपासून, वजनाप्रमाणे औषध दिलं, गाभणींना निराळं. तरी आणखी तीन गेल्या.

परवा शेजारच्या तालुक्याच्या बाजारात तीच बरणी दिसली, झाकणाला लाल चिंधी बांधलेली. भोवती ही गर्दी. म्हणून लिहायला बसलो.